याहून वाईट असतंय

खालच्या मजल्यावरच्या घरासाठी फ्रौके बोल्हौसनं नऊ वर्षं नाव लावून ठेवलं होतं. नाव लावायचं, घरी बसायचं आणि आपल्या पुढच्या म्हाताऱ्या एकेक करून कधी जातायत याची वाट बघायची, असं ती स्वतःच म्हणायची. वर पुस्ती जोडायची, "माज्या मागं बी कुणीतरी बसलंच असंल की माजी वाट बघत."

नऊ वर्षांनी पत्र आलं. कालव्यापलीकडं म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली, एक न्हाणीघर, दाराला उंबरा नाही, भिंतीला मदतीची घंटा. हो की नाही ते चार दिवसांत कळवायचं होतं. तिनं पहिल्याच दिवशी हो म्हणून टाकलं.

"'हो' मी न्हाई म्हटलं," ती खालच्या घड्याळवाल्या सीब्रांटला म्हणाली. "गुडघ्यानं म्हटलं."

तिच्या घराला अठरा पायऱ्या होत्या. उत्तरेकडच्या डाम गावच्या बाजारगल्लीतली सगळीच वरची घरं तशी. खाली दुकान, बाजूला हातभर रुंदीचं दार, आणि दार उघडलं की तोंडावरच जिना, भिंतीला शिडी टेकवावी तसा. वर जाताना नाक पुढच्या पायरीला लागायचं. नवरा, वुबो, होता तोवर तिच्या हातातली पिशवी तोच घ्यायचा आणि तिच्या मागून चढायचा. म्हणायचा, "पडलीस तर माज्यावर पड. मी तसाबी चपटाच हाय." वुबो जाऊन दोन हिवाळे झाले. आता ती बटाट्याची पिशवी एकेक पायरी वर ठेवत, मग स्वतः बसत बसत चढायची. सीब्रांट खालून ओरडायचा, "मालगाडी पोचली का?"

तर घर सोडायचं ठरलं, आणि घर सोडायचं म्हणजे ते कोरं करून द्यायचं.

भाड्याचं घर तिकडं कोरंच मिळतं आणि कोरंच परत द्यावं लागतं. पडदे काढायचे, दिवे काढायचे, खिळ्यांची भोकं बुजवायची, आणि पायाखालची जमीन, म्हणजे तळावर आपण जे काही घातलं असेल ते, उचलायची. तळाचं उघडं काँक्रीट दिसलं पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वी फ्रौके आणि वुबो इथं आले तेव्हा आधीच्या भाडेकरूनं तळावरचं मेणकापडसुद्धा गुंडाळून नेलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याची जमीन त्यानं न्यायची.

यातून सुटायची वाट एकच. नवा भाडेकरू म्हणाला, राहू दे, मला हवीय, आणि त्यानं कागदावर सही केली, तर जमीन जागच्या जागी राहते.

फ्रौकेला बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. कपाट जाऊ दे, पलंग जाऊ दे, स्वयंपाकघरातली वुबोनं रंगवलेली हिरवी भिंत पांढरी होऊ दे. जमीन तेवढी राहावी. ती वुबोनं घातली होती.

घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेकडून पोस्तमाबाई पाहणीला आल्या त्या सकाळी दहाला. दहा म्हणजे कॉफीची वेळ. फ्रौकेनं कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्कीट दिलं, डबा बंद केला. पोस्तमाबाईंनी घरभर फिरून यादी केली. बाथरूममधला टॉवेलचा आकडा काढायचा. हिरवी भिंत पांढरी करायची. मग त्या खाली बघत उभ्या राहिल्या.

"ही जमीन कुणाची?"

"आमची. आमच्या वुबोनं घातलेली."

"मग निघेल ना ती?"

"नव्या माणसाला दाखवून बघू की. काय सांगावं, घेईल."

"घेतली तर सही लागेल हं बोल्हौसबाई. आणि एकदा सही केली की पुढं त्यांनी घर सोडताना त्यांनीच काढायची." पोस्तमाबाईंनी बुटाच्या टोकानं एक फळी दाबली. "मध्येच ही रेघ कसली लाल?"

"खेळाची."

"खेळाची?"

"व्हय. आन ती निळी दुसऱ्या खेळाची."

पोस्तमाबाईंनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते देव जाणे.

त्या रेघांची गोष्ट अशी की डामच्या शाळेला एक व्यायामशाळा होती. लांबलचक, थंडगार, घामाचा आणि मेणाचा वास असलेली. फ्रौके तिथं टोपलीचेंडू खेळायला जायची. या खेळात पोरं आणि पोरी एकाच संघात असतात, आणि उंच खांबाला बुडाची नसलेली वेताची टोपली टांगलेली असते, तिच्यात चेंडू टाकायचा. फ्रौकेचा नेम चांगला होता. समोरच्या संघाला दंड झाला की जमिनीवर रंगवलेल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर उभं राहून एकटीनं चेंडू टाकायचा असतो. तो मान नेहमी तिचा. वुबो तिच्याच संघात होता. त्याचा नेम इतका वाईट होता की पोरं म्हणायची, वुबोला टोपलीत बसवा, चेंडू खाली ठेवा.

पुढं वुबो त्याच शाळेत शिपाई म्हणून लागला. किल्ल्या, भट्टी, फुटलेल्या काचा, सायकलींचे स्टँड, सगळं तोच बघायचा. आणि एके वर्षी व्यायामशाळा पाडायची ठरली. जमिनीच्या फळ्या बीचच्या होत्या, बोटाएवढ्या जाड. ठेकेदार त्या जाळायला निघाला होता. वुबोनं त्याच्याकडून मागून घेतल्या. तीन आठवडे रोज संध्याकाळी हातगाडीनं आणल्या आणि दोर लावून खिडकीतून वर घेतल्या. त्या जिन्यावरून लांब फळी चढणं शक्यच नव्हतं. सीब्रांट खाली उभा राहून फळीला दोर बांधायचा आणि म्हणायचा, "वुबो, आता सगळी शाळाच वर घेतोस का? मास्तर बी पाठवू?"

काँक्रीटवर त्यानं आडव्या पट्ट्या टाकल्या आणि पट्ट्यांवर फळ्या बसवल्या. रंगीत रेघा होत्या तशाच ठेवल्या, रंधा मारला नाही. पण फळ्यांचा क्रम मोडला होता. त्यामुळं लाल रेघ पलंगाखालून निघायची आणि कपाटापाशी अचानक तुटायची. निळी रेघ दारात तीन बोटं दिसायची आणि गायब. मधल्या वर्तुळाचा एक वळलेला तुकडा शेगडीजवळ आला होता, चंद्रकोरीसारखा. फक्त एक फळी वुबोनं शेवटपर्यंत बाजूला काढून ठेवली होती. ती त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसवली, जिथं फ्रौके भांडी घासायला उभी राहायची. त्या फळीवर पांढरा ठिपका होता.

चाळीस वर्षं तिनं त्या ठिपक्यावर उभं राहून भांडी घासली. कप फुटला की वुबो आतून ओरडायचा, "फाऊल!"

आणि एक गोष्ट. वुबोनं त्या जमिनीत खिळा एकसुद्धा ठोकला नव्हता. सगळे स्क्रू, पितळी. तेव्हा सीब्रांट त्याला हसला होता. वुबो म्हणाला होता, "घर भाड्याचं हाय गड्या. जातान नीट उचलता आली पायजे." त्या वेळी दोघांनाही जायचं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

शेवटची फळी बसली त्या रात्री वुबोनं फ्रौकेला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि विचारलं, "कशी काय?"

फ्रौकेनं इकडून तिकडं एक चक्कर मारली. टाच आपटून बघितली. मग म्हणाली, "याहून वाईट असतंय."

वुबो कानापर्यंत लाल झाला.

डामच्या माणसाच्या तोंडून याच्यापुढं स्तुती जात नाही. लोणी उत्तम असो, पोर डॉक्टर झालेलं असो, मेलेलं माणूस देवमाणूस असो, शब्द एकच. जास्त बोलणारा माणूस काहीतरी खपवायला आलाय असंच तिकडं समजतात. फ्रौकेच्या लग्नात ती उसना पांढरा पोशाख घालून नगरपालिकेच्या पायऱ्या चढली, तेव्हा वुबोनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "याहून वाईट असतंय." पश्चिमेकडून आलेल्या तिच्या एका मावशीनं तोंडावर हात घेतला. फ्रौकेच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, आणि ते सुखाचं होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात वुबोनं तिचा हात धरून छताकडं बघत तेच म्हटलं होतं, आपल्या चौपन्न वर्षांच्या संसाराबद्दल. ती म्हणाली होती, "व्हय. याहून लई वाईट असतंय."

नवी भाडेकरू बघायला आली त्याच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. मार्खा तिची एकुलती एक, नोकरीसाठी पश्चिमेला अमर्सफोर्टला गेलेली, तिकडचीच होऊन गेलेली.

"आई, उद्या ती मुलगी आली की बसव तिला. लगेच कामाचं बोलू नकोस. आणि बिस्कीट दोन दे."

"दोन कशापायी? ती काय उपाशी येणार हाय?"

"दे गं. आणि जमिनीबद्दल सांग. बाबांनी घातली, शाळेची आहे, किती वर्षं टिकली. नुसतं 'हाय आपली' म्हणून गप्प बसू नकोस."

"सांगीन की. मला काय तोंड न्हाई?"

मुलीचं नाव एवलिन. हार्लेमची, तिशीच्या आतली, डामच्या शाळेत एका वर्षाच्या करारावर शिकवायला आलेली. उंच, लाल मफलर, गाल थंडीनं फुटलेले. अठरा पायऱ्या चढून आली आणि धापाही टाकल्या नाहीत, तेव्हाच फ्रौकेला बरं वाटलं. पोस्तमाबाई मागून आल्या, त्यांना मात्र दम लागला होता.

"मोय," फ्रौके म्हणाली. डामचा नमस्कार एवढाच.

"नमस्कार, बोल्हौसबाई. किती उजेड आहे इथे!"

"खिडक्या हायत म्हणून."

एवलिन हसली. फ्रौकेनं कॉफी दिली. डबा उघडला, एक बिस्कीट दिलं, मग मार्खाची आठवण होऊन आणखी एक दिलं, आणि मगच डबा बंद केला. पोस्तमाबाईंनी आपल्या एका बिस्किटाकडं बघितलं.

एवलिन घर बघत फिरली. शेगडीजवळ थांबली. वाकली. वर्तुळाच्या त्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

"हे काय आहे? सुंदर आहे."

फ्रौकेला वाटलं, सांगावं का, की हे मधलं वर्तुळ. खेळ इथून सुरू व्हायचा. इथंच पहिल्यांदा वुबोचा धक्का लागून मी पडले आणि तो पंचाला म्हणाला होता, 'चूक माजीच.' पण हे एका परक्या पोरीला, पोस्तमाबाईंच्या देखत, कसं सांगायचं? कुठून सुरू करायचं? ती एवढंच म्हणाली, "शाळेचं हाय. जुन्या."

पोस्तमाबाईंनी कागद काढला. "ही जमीन हवी असेल तर तुम्ही ठेवू शकता. बाई पैसे मागत नाहीत. पण सही करावी लागेल आणि जाताना काढायची जबाबदारी तुमची. नको असेल तर बाई काढून देतील."

"मला जमिनीतलं काही कळत नाही," एवलिन म्हणाली. ती सरळ फ्रौकेकडं वळली. चेहरा उघडा, विश्वासानं भरलेला. "तुम्ही चाळीस वर्षं राहिलात. तुम्हीच सांगा. चांगली आहे का जमीन?"

फ्रौके ठिपक्यावर उभी होती. जन्मात कधी तिला इतकं महत्त्वाचं काही विचारलं गेलं नव्हतं. तिनं खाली बघितलं, मग मुलीकडं बघितलं. आणि जे होतं नव्हतं ते सगळं एकवटून, अगदी मनापासून, तिनं सांगितलं.

"याहून वाईट असतंय."

"अच्छा," एवलिन म्हणाली.

दोन दिवसांत कळवा म्हणून पोस्तमाबाईंनी कागद तिच्या हातात दिला. पोस्तमाबाई उतरायला लागल्या होत्या. एवलिननं दारात फ्रौकेचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "खरंच थँक्यू. किती मोकळेपणानं सांगितलंत."

खाली जाताना तिची पावलं हलकी वाजत होती. फ्रौकेनं मार्खाला लगेच फोन लावला. "घेणार बग ती. मनापासून बोलले मी. आभार मानून गेली."

तिसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. नव्या भाडेकरूनं घर घेतलं होतं. जमीन नको म्हणाली होती. महिनाअखेरीपर्यंत काढून, तळ झाडून, किल्ल्या द्याव्यात.

फ्रौकेनं पत्र दोनदा वाचलं. मग मार्खाला फोन केला.

"आई, तू तिला नक्की काय म्हणालीस?"

"तिनं विचारलं जमीन कशी हाय. मी सांगितलं."

"काय सांगितलंस? शब्द सांग."

"सांगितलं की, याहून वाईट असतंय."



"आई. अगं ती हार्लेमची आहे."

"मग?"

"मग काय! तिकडे तसं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ होतो की आहे आपली कशीतरी, चालवून घे. तिला वाटलं असेल तू तिला सांगतेयस की नको घेऊस."

फ्रौके खुर्चीवर बसली. फोनचा हात तिनं कानापासून थोडा लांब धरला, जणू तो गरम झाला होता.

"मी लिहिते तिला," मार्खा म्हणत होती. "आत्ता लिहिते. दोन ओळी. पोस्तमाबाईंकडून पत्ता घेते. समजून घेईल ती."

"न्हाई."

"का?"

"न्हाई म्हटलं ना. दोनदा जाऊन माल गळ्यात मारायचा? मी काय बाजारातली मासळीवाली हाय? पोरीनं विचारलं, मी सांगितलं, तिनं ठरवलं. झालं."

"पण तुला हवंय ना ती राहायला! तिला कळलंच नाही तर तिनं काय ठरवलं?"

"मार्खा, तू शनिवारी येतीस का, तेवढं सांग. फळ्या मला एकटीला निघायच्या न्हाईत."

फोन ठेवल्यावर मात्र ती तिथंच बसून राहिली. समोर निळ्या रेघेची तीन बोटं होती. दुसऱ्या दिवशी ती मोहरीच्या सुपासाठी मोहरी आणायला गेली, तेव्हा संस्थेच्या दारावरून दोनदा गेली. आत पोस्तमाबाई बसलेल्या दिसत होत्या. त्यांनी हात केला. फ्रौकेनंही हात केला आणि मोहरी घेऊन घरी आली.

शनिवारी मार्खा आली. सीब्रांटनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, जे त्यानं बायकोच्या मयतीनंतर केलं नव्हतं. सत्तरी उलटलेला माणूस, पण घड्याळं दुरुस्त करणारे हात, स्क्रू त्याच्या हाताला लगेच लागायचे.

"अडकले असतील चाळीस वर्षांत," मार्खा म्हणाली. "पहार आणायची का?"

सीब्रांटनं पहिल्या स्क्रूला पेचकस लावला. स्क्रू फिरला. दुसरा फिरला. त्यानं एक हातात घेऊन भिंगानं बघितला. "मेण लावलंय लेकानं. प्रत्येकाला. गंजू नये म्हणून."

फ्रौके खुर्ची घेऊन बसली होती आणि निघालेले स्क्रू बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकत होती. टण. टण. तिला वाटलं होतं त्रास होईल. फळ्या फुटतील, शिव्या द्याव्या लागतील, दोन दिवस जातील, आणि त्या दोन दिवसांत काहीतरी होईल. पण ती जमीन उचलायचीच म्हणून घातली होती. एक एक फळी सहज उठून हातात येत होती, पाहुणा निघायला उठावा तशी. दुपारी तीनपर्यंत सगळी खोली उघडी पडली. खाली राखाडी काँक्रीट, त्यावर भुश्याच्या रेघा, आणि वुबोनं पेन्सिलीनं केलेल्या मापाच्या खुणा.

"त्याला सांगायला पायजे होतं," फ्रौके म्हणाली, "चार खिळे मार म्हणून."

नव्या खोलीत फळ्या नेता येत नव्हत्या. तिथं वसाहतीनंच मऊ प्लास्टिकची जमीन घातलेली होती, लाकडासारखी दिसणारी, आणि तिच्यावर काही घालायला परवानगी नव्हती. मार्खाच्या घरात आधीच जमीन होती. म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणं त्यांनी फळ्या खिडकीतून दोरानं खाली सोडल्या, फुटपाथवर भिंतीला लावून ठेवल्या आणि मार्खानं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'फुकट. घेऊन जा.' चाळीस वर्षांपूर्वी दोर बांधणारा सीब्रांटच या वेळीही खाली होता. या वेळी त्यानं मास्तरांचा विनोद केला नाही.

रविवारी दुपारपर्यंत फळ्या संपल्या. एकानं कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेल्या, एकानं नावेत बसायच्या बाकासाठी, एका बाईनं नुसती लाल रेघ आवडली म्हणून तीन नेल्या. सायकलवर आडव्या धरून. सगळे वर बघून फ्रौकेला "मोय" म्हणत होते. ती खिडकीतून बघत होती की शाळा कशी चहूदिशांना निघून चाललीय.

ठिपक्याची फळी सीब्रांटनं हळूच बाजूला काढली होती. संध्याकाळी तो ती घेऊन वर आला.

"ही तुज्यासाठी ठेवली. खिडकीत ठेव. कुंडीखाली."

फ्रौकेनं फळीवरून हात फिरवला. मधोमध ठिपका झिजून दुधाच्या सायीसारखा झाला होता. तिच्याच पायानं.

"नगं."

"आगं घे की. एकच तर हाय."

"एक फळी म्हंजी जमीन न्हवं, सीब्रांट. तिच्यावर उभं राहता येत न्हाई. नुसतं बगत बसायचं. वुबोनं ती बगायला घातली न्हवती." मग तिनं फळी त्याच्याकडं परत दिली. "तू कायबी कर तिचं."

सोमवारी पोस्तमाबाई आल्या. कॉफी नव्हती, कप बांधून झाले होते. रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज घुमला. त्यांनी कोपरे बघितले, भोकं बघितली, पांढरी भिंत बघितली. यादीत एकेक खूण केली. "व्यवस्थित," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी असं घर दिलं तर काय हवं!"

फ्रौकेनं दोन किल्ल्या दिल्या आणि अठरा पायऱ्या बसत बसत उतरली.

नव्या खोलीत ती रुळली. रुळली म्हणजे घंटा कुठं आणि दिवा कुठं हे कळलं. शेजारणी बऱ्या होत्या. उंबरा नव्हता आणि गुडघा खूश होता. फक्त पायाखाली आवाज नव्हता. वरच्या घरात प्रत्येक फळीचा आपला सूर होता. दाराजवळची कुरकुरायची, पलंगाजवळची टुक करायची. इथं चाललं काय, न चाललं काय, सारखंच. सीब्रांट दर गुरुवारी यायचा आणि तोही तेच म्हणायचा. "पोरगी वर राहतीया का न्हाई, मला कळतच न्हाई. पायाखाली फोम का काय घातलाय तिनं. तुमची दोघांची पावलं मला घड्याळासारखी पाठ होती. तू सातला खिडकीशी, वुबो सव्वासातला दारात. मग दोन वर्षं तुजी एकटीचीच. आता तीबी न्हाईत. वर कुणी मेलं तरी मला कळायचं न्हाई."

"मरंल कशाला? तरणी हाय."

मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी, दारावर एवलिन उभी होती. तोच लाल मफलर, पण हातात घडी केलेला. चेहरा उतरलेला.

"आत ये," फ्रौके म्हणाली. "उंबरा न्हाई, ठेच लागायची न्हाई."

एवलिन बसली. कॉफीची वेळ नव्हती, तरी फ्रौकेनं केली. मुलगी बराच वेळ कप फिरवत राहिली.

"मी घड्याळ दिलं होतं सीब्रांटकाकांकडे," ती शेवटी म्हणाली. "आजीचं. आज आणायला गेले. विचारलं, नीट झालं का? ते म्हणाले, याहून वाईट असतंय. मी म्हटलं, अहो मग पुन्हा नीट करा ना, असं कसं देताय! दुकानात दोन बायका होत्या. तिघंही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर."

फ्रौकेनं तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग त्यांनी मला सांगितलं, त्याचा अर्थ काय होतो. मी पण हसले. आणि मग हसता हसता मला आठवलं." एवलिननं मान वर केली. "बोल्हौसबाई, तुम्ही मला जमिनीबद्दल तेच म्हणाला होतात."

"व्हय."

"मला वाटलं तुम्ही मला सावध करताय. मी घरी जाऊन आईला सांगितलं, किती प्रामाणिक बाई आहेत, आपलीच जमीन असून खरं सांगितलं. मला हवी होती ती. ती गोल रेघ मला इतकी आवडली होती. तुम्ही नुसतं चांगली आहे म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथं सही केली असती. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं की, पोरी," फ्रौके म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला जेवढं सांगता येतं तेवढं समदं सांगितलं."

बाहेरून एक म्हातारी आधाराची चाकगाडी ढकलत गेली. तिचीही पावलं ऐकू आली नाहीत.

"आता कुठं आहे ती?" एवलिननं विचारलं.

"कोंबड्या बसत्यात तिच्यावर. काही नावेत हाय."

एवलिननं हातानं तोंड झाकलं. फ्रौकेनं उठून बिस्किटांचा डबा आणला. उघडला, तर त्यात स्क्रू होते. दोघींनी बघितलं. तिनं झाकण लावलं आणि दुसरा डबा काढला. एक बिस्कीट दिलं. आणि डबा बंद न करता मुलीच्या पुढ्यात तसाच ठेवला.

"मला खरं सांगाल?" एवलिन म्हणाली. "म्हणजे, मला कळेल असं? कशी होती ती?"

फ्रौकेनं खाली बघितलं. प्लास्टिकच्या जमिनीवर लाकडाच्या गाठी छापल्या होत्या, दर हातभर अंतरावर तीच गाठ. ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. पोरगी परमुलखातली, तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायला हवं होतं.

"चांगली होती," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द वापरला. तो तिच्या कानाला असा लागला, की जणू ती दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीबद्दल बोलतेय, जी तिनं कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तिनं टाच उचलून हळूच खाली आपटली. काही वाजलं नाही.

"घे की," ती म्हणाली. "अजून एक घे."